ठकूबाईची बिननावाची मिरची

एका जंगलात, मुलांनो, प्रत्येकाच्या दारात मिरची होती. वाघाच्या गुहेपुढे होती, सशाच्या बिळापुढे होती, आणि माकडांना दारच नसल्यामुळे त्यांनी ती बेलफळाच्या करवंटीत लावून फांदीला टांगली होती. वाघ मिरची खातो का, असे मध्येच विचारू नका. तो काळच तसा होता. ज्याच्या दारात मिरची नाही, त्याला पाणवठ्यावर कोणी 'या, बसा' म्हणत नसे.

याच जंगलात ठकूबाई साळिंदर राहत होती. तिच्या परसात मिरचीची अकरा झाडे होती. बी तिच्या आईकडून आलेले, आईला तिच्या आईकडून. ठकूबाई आपल्याच अंगावरच्या काट्याने मातीत भोक पाडी आणि अर्धे बोट खोल बी टाकी. त्याहून खोल नाही, असे आई सांगून गेली होती.

मिरची बोटभर लांब आणि जरा वाकडी. रानलसणाबरोबर दगडावर ठेचली की आधी वास येई, मग चव येई, आणि तिखटपणा मागून सावकाश येई. आई गेली तेव्हा ठकूबाईला एवढेच मिळाले होते. दुसरे काही आईकडे नव्हतेच.

जंगलात एक मिरची मंडळही होते. दाजीबा अस्वल त्याचे अध्यक्ष. दाजीबांना मधाशिवाय काही आवडत नसे, त्यामुळे मिरचीच्या बाबतीत त्यांचे मन अगदी मोकळे आहे, असे सगळे म्हणत.

मंडळ दरवर्षी जांभळीखाली चाखणी भरवी. नियम सोपा होता. मिरची खाताना जो हायहुय करील, नाक ओढील किंवा पाण्याकडे नुसता बघेल, तो बाद. पहिल्याच वर्षी ससा आडवा झाला. माकडांचा पुढारी झाडावर चढला तो दोन दिवस उतरला नाही. खुद्द दाजीबा ओढ्यात डोके घालून बसले आणि आपण मासे मोजत होतो असे नंतर म्हणाले.

राहिला फक्त हिरोजी पोपट. त्याने सात मिरच्या खाल्ल्या, चोच फांदीला पुसली आणि विचारले, "आणखी आहेत का?"

त्याच दिवशी हिरोजी पंच झाला.

हिरोजी स्वभावाने सरळ होता. "कशी आहे?" असे विचारले की जे वाटेल ते सांगे. "बी कुरकुरीत आहे," तो म्हणे. किंवा, "साल पातळ आहे." जमलेले सगळे माना डोलवत. केवढी जाण आहे, असे एकमेकांना सांगत. माकडांनी तर ती वाक्ये पाठ केली आणि घरी आंबा खातानाही म्हणू लागली.

हिरोजीच्या डोळ्यांत पाणी काढील ती मिरची पहिली, असे मंडळाने जाहीर केले होते. पाणी काही निघेना. मग जंगलाने ईर्षेने जास्त जहाल वाण काढले. एक 'वणवा' निघाला. पुढच्या वर्षी 'मोठा वणवा'. त्याच्या पुढच्या वर्षी 'वणव्याचा बाप'. ससा त्या झाडाला पाणी घालताना तोंड फिरवून घाली.

एक मात्र झाले. मिरची आता कोणी खात नव्हते. घरोघर दुधीभोपळा शिजत होता. मिरची दारात दिसली म्हणजे झाले.

ठकूबाई या भानगडीत कधी पडली नव्हती. ती ठेचा करी आणि भाकरीबरोबर खाई. पण एक दिवस मंडळाने फर्मान काढले की जंगलातली प्रत्येक मिरची चाखून घ्यायची. मधमाश्या या झाडावरून त्या झाडावर बसतात. एखाद्या परसात हलका वाण असला तर शेजारच्या वणव्याला तो बाधेल. मधमाश्यांचा विषय निघाला की दाजीबांचा अभ्यास मोठा असे.

ठकूबाई पानात मिरच्या घेऊन जांभळीखाली गेली.

"वाणाचं नाव?" दाजीबांनी विचारले.

"मिरची."

"ते दिसतंय, बाई. नाव काय?"

"आमची आई मिरचीच म्हणायची."

माकडे हसली. हिरोजीने एक मिरची खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग तिसरी आणि चौथी खाल्ली, आणि पान रिकामे झाल्यावर पानाखाली पाहिले.

"फार छान आहे," तो म्हणाला. "आणखी आणली नाहीत का, ठकूबाई?"

दाजीबा उठून उभे राहिले. "जी एका बैठकीत चार-चार खाता येते," ते म्हणाले, "तिला मिरची म्हणायचं का?"

हो म्हणायला कोणी पुढे आले नाही. ठरले. वाण हलका. उद्या सकाळी घरातले बी जप्त करायचे आणि सभा झाली की अकराच्या अकरा झाडे उपटायची.

"पण पंचांना ती आवडली की," ठकूबाई म्हणाली.

"तोच तर पुरावा आहे," दाजीबा म्हणाले.

ठकूबाईला राग आला. पण रागापेक्षा भीती जास्त वाटली. हे बी जंगलात दुसऱ्या कोणाकडे नव्हते. उद्या ते गेले की आईच्या हातची चव गेली, आणि ती कशी होती हे सांगायलाही कोणी उरणार नव्हते.

संध्याकाळी ती हिरोजीच्या उंबराखाली गेली.

"हिरोजी, खरं सांगा. तुम्हाला तिखट लागतं का?"

हिरोजीने बराच विचार केला. "तिखट म्हणजे नेमकं काय हो?"

ठकूबाई खालीच बसली. "म्हणजे जीभ भाजते. कान गरम होतात. डोळ्यांना, नाकाला पाणी सुटतं."

"आणि तरी तुम्ही खाता?"

"आवडीनं खातो."

"अस्सं," हिरोजी म्हणाला. "मला वाटायचं, तुम्ही सगळे ठरवून सोंग करता. दाजीबा ओढ्यात डोकं घालून बसले तेव्हा मी पंख वाजवणार होतो. चांगलं वठवलं होतं त्यांनी."

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही. कशी आहे विचारलं, ते मी सांगितलं."

"उद्या सभेत सांगाल? माझ्या झाडांसाठी?"

"सांगेन की. त्यात काय एवढं?"

ठकूबाई घरी आली आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी हिरोजी सभेत उभा राहिला. "मला तिखट लागत नाही," तो म्हणाला. "कधीच लागलेलं नाही. आम्हा पाखरांच्या जिभेला ते कळतच नाही. मला मिरची काय आणि पेरू काय, सारखंच. तेव्हा माझ्या शब्दावर कुणाची झाडं उपटू नका."

दाजीबांनी कान खाजवला.

"मंडळी," दाजीबा भरल्या गळ्याने म्हणाले, "पंच आपण पुष्कळ पाहिले. कुणाला लवंगी आवडते, कुणाला ढोबळी. ज्याला चव कळते तो आज ना उद्या पक्षपात करणारच. पण ज्याला काही लागतच नाही, असा पंच आपल्यात बसला होता आणि आपल्याला पत्ता नव्हता."

माकडांनी फांद्या गदागदा हलवल्या. हिरोजीला तिथल्या तिथे तहहयात पंच नेमले. त्याला आणखी काही बोलायचे होते, पण तेवढ्यात गळ्यात हार पडला. हार म्हणजे ठकूबाईच्या दारावरून त्याच सकाळी जप्त केलेली वाळल्या मिरच्यांची माळ. एवढ्या घाईत दुसरे काही मिळाले नव्हते.

सभा संपली आणि माकडे झाडे उपटायला निघाली. ठकूबाई परसात काटे फुलवून उभी राहिली. पण साळिंदराचे काटे पाठीवर असतात, मुलांनो. माकडे समोरून आली.

हिरोजीने तो हार आठ दिवसांत बियांसकट खाल्ला. हाराचा दुसरा उपयोग त्याला माहीत नव्हता. आता तो तहहयात पंच असल्यामुळे त्याला दारोदार पाहणीला बोलावत. प्रत्येक दारात उंच फांदीवर त्याचे मानाचे आसन असे. हिरोजी तिथे बसे, चार शब्द बोले, आणि फांदीवर बसलेले पाखरू जे करते ते करून पुढच्या दारी जाई.

पुढल्या वर्षी प्रत्येक मानाच्या आसनाखाली एकेक रोप उगवले. त्याला बोटभर लांब, जरा वाकड्या मिरच्या लागल्या. सशाने धीर करून एक चावली. तो आडवा झाला नाही. त्याने भाकरी मागवली. महिनाभरात घरोघरचे दुधीभोपळे बंद झाले.

मंडळाने सभा घेतली. पंचांच्या आसनाखाली आपोआप उगवली, म्हणजे हा साक्षात पंचांचा प्रसाद, असे दाजीबांनी सांगितले. वाणाचे नाव 'हिरोजी खास' ठेवले. वणव्याला कोण बाधेल आणि कोण नाही, हे त्या दिवशी कोणाला आठवले नाही. पळसाच्या पानात चार-चार बिया बांधून सगळ्यांना वाटल्या. ठकूबाई रांगेत शेवटी होती.

"जपून लावा, बाई," दाजीबा तिला म्हणाले. "भारी वाण आहे. चांगलं दोन बोटं खोल घाला."

ठकूबाईने पुडी उघडून बिया पाहिल्या. पुन्हा बांधली. घरी जाऊन काट्याने अर्धे बोट भोक पाडले.

मिरच्या धरल्या तेव्हा हिरोजी पाहणीला आला. ठकूबाई दगडावर ठेचा करत होती. तिने बोटाने चाटून पाहिला आणि तशीच बसून राहिली.

"ही तीच ना?" हिरोजीने विचारले.

"तीच."

"मी सभेत सांगू का, ही ठकूबाईंची आहे म्हणून?"

"नको," ठकूबाई म्हणाली. "तुम्ही सांगाल, आणि तुमचाच आणखी एक सत्कार होईल."

हिरोजीला ते पटले. मग त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिले. "तुमच्या डोळ्यांत पाणी आलंय," तो म्हणाला. "तिखट म्हणतात ते हेच का?"

"हेच," ठकूबाई म्हणाली, आणि तिने एक मिरची त्याच्यापुढे सरकवली.

तात्पर्य : बी पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्याचे नाव वाणाला मिळत नाही. ते ज्याच्या पोटातून जाते, त्याचे मिळते. म्हणून मुलांनो, बागकाम शिकण्यात दिवस घालवू नका. उंच फांदीवर बसायला शिका.