डावा गुडघा

टायची गाठ तिसऱ्यांदा सोडून गुरुदत्त आठल्ये म्हणाले, "आणि मला तिथे चक्कर आली तर?"

"खुर्चीवरच बसायचंय ना तुम्हाला? मग येऊ दे की," वसुधा म्हणाली आणि दही-साखरेची वाटी तिने त्यांच्या हातात दिली. "फोन उचलायचा, नाव ऐकायचं, कार्डावर लिहायचं, कार्ड द्यायचं. एवढं तर पोस्टातही करावं लागतं."

"पोस्टात टीव्हीचे कॅमेरे नसतात."

त्यांची मुलगी दीपा टोस्ट खात होती. "रिलॅक्स, बाबा. नोबडी इज गोइंग टू टॅकल यू," ती म्हणाली. एरवी वडिलांची थट्टा करून झाली की ती हसायची. आज हसली नाही. आईकडे एकदा बघून तिने पुन्हा टोस्टमध्ये तोंड घातलं. गुरुदत्तांना ते दिसलं. पण आज त्यांच्याजवळ भीती इतकी साठली होती, की आणखी एखादी ठेवायला जागाच नव्हती.

गुरुदत्त न्यू जर्सीतल्या एका कॉम्प्युटर कंपनीत संख्याशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या मराठी मंडळात नव्हता. हायवेवर ते सदैव उजव्या लेनमध्ये असत. घरातून निघाले, की गॅस बंद केलाय ना हे बघायला कोपऱ्यावरून परत येत. लिफ्टपाशी गेले, की आत किती माणसं उभी आहेत ते आधी मोजत आणि मग जिन्याने जात. अशा माणसाकडे कंपनीने फुटबॉलचं काम दिलं होतं. हा अमेरिकन फुटबॉल म्हणजे एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या दांडग्यांचा खेळ. दर वसंतात त्यातले सगळे व्यावसायिक संघ न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमतात आणि कॉलेजातून बाहेर पडणारी मुलं आळीपाळीने निवडून घेतात. ज्याची पाळी असेल त्याने पंधरा मिनिटांत एक नाव लिहून द्यायचं. वेळ टळली की मागचा संघ पुढे घुसतो. मध्य-पश्चिमेकडच्या एका सतत हरणाऱ्या संघासाठी या मुलांचे गुण तोलणारा प्रोग्रॅम गुरुदत्तांनी लिहिला होता.

आणि हा प्रोग्रॅम भलताच धाडसी निघाला. कुणाचा गुडघा एकदा मोडलेला, कुणी कोचशी भांडलेला, अशी मुलं अंगात कितीही कसब असलं तरी बाकीचे संघ टाळत. गुरुदत्तांचा प्रोग्रॅम नेमकी तीच वर काढी. कारण अगदी साधं होतं. धोका किती आहे आणि लोक घाबरतात किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जन्मभर घाबरलेल्या माणसालाच पक्कं ठाऊक असतं. गॅस आजवर एकदाही चालू राहिला नव्हता, तरी ते रोज परत येतच होते. म्हणजे भीती ही धोक्यापेक्षा नेहमी महाग असते. आणि जिथे इतरांनी ती भरपूर मोजलेली असते, तिथला माल स्वस्तात मिळतो. कागदावर हे त्यांना शांतपणे सांगता येई. कागदाबाहेर त्यांना न्यूयॉर्कला जायचीसुद्धा भीती वाटे.

पण हॉटेलातल्या टेबलावर बसणाऱ्या नेहमीच्या माणसाला ऐन वेळी कांजिण्या झाल्या. संघाचा मॅनेजर हॅनरहॅन याने, जवळच राहतो म्हणून, गुरुदत्तांना बसायला सांगितलं. 'गुरुदत्त' म्हणणं त्याला जमत नसे, म्हणून तो नुसतं 'गुरू' म्हणे, आणि ज्या सुरात म्हणे तो सूर शिष्याचा मुळीच नसे. त्याच्यापुढे दोन नावं होती. एक लिंडमन, ज्याला आयुष्यात कधी सर्दीही झाली नव्हती. दुसरा टोबिन, जो पकडायला आलेल्यांच्या हातात नुसती हवा ठेवून निसटायचा. पण त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि कोचच्या दिशेने हेल्मेट फेकून त्याने एक कॉलेज सोडलेलं होतं. प्रोग्रॅमच्या मते टोबिन कितीतरी वर होता.

"तुझ्या मशीनला मालकाचे फोन येत नाहीत, गुरू," हॅनरहॅन म्हणाला होता. "आपली पाळी आली की मी इथून फोन करून नाव सांगेन, ते लिही. आणि तो फोन मोकळा ठेव. नंबर कुणाला द्यायचा नाही. पाळी चुकली तर तुझी कंपनी आमच्याकडे नको, आणि तू तुझ्या कंपनीत राहशील असं मला वाटत नाही."

गुरुदत्तांनी नंबर कुणालाही दिला नाही. फक्त वसुधाला दिला, आणि तोही चक्कर येण्यापुरता.

हॉटेलच्या दालनात संघांची टेबलं एकमेकांना खेटून मांडलेली होती. प्रत्येकावर एक फोन आणि त्या त्या संघाचं हेल्मेट. समोर भलंमोठं घड्याळ, वर सज्जात सकाळपासून ओरडणारे लोक. गुरुदत्तांनी आधी बाहेर पडायचे दरवाजे कुठे आहेत ते बघितलं. मग पेन चालतंय का ते बघितलं, मग दुसरं पेन चालतंय का ते बघितलं. हेल्मेट त्यांच्याकडे रोखून बघतंय असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी ते हळूच पलीकडे फिरवलं. ते टीव्हीवर दिसलं असेल का, या विचाराने पुढचा अर्धा तास गेला.

अखेर त्यांच्या संघाचं नाव पुकारलं गेलं आणि घड्याळ सुरू झालं. लगेच फोन वाजला. गुरुदत्तांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर उचलला. "येस, सर."

"सर कसला डोंबलाचा. मी मृणालिनी मावशी."

मृणालिनी मावशी म्हणजे न्यू जर्सीतल्याच आयसेलिन गावच्या निवृत्त डॉक्टर. गुरुदत्त आणि वसुधा या देशात उतरले तेव्हा विमानतळावर दोन जाड कोट घेऊन त्याच उभ्या होत्या. दीपाला जगात आणलं तेही त्यांनीच. अशा बाईच्या तोंडावर फोन ठेवणं गुरुदत्तांना या जन्मी शक्य नव्हतं.

"मावशी, मी जरा कामात आहे."

"ठाऊक आहे. वसुधा म्हणाली. एकच विचारते आणि ठेवते."

पण मराठी माणसाचं 'ठेवते' म्हणजे दारात चपला घालून सुरू होणाऱ्या गप्पा. मंडळाच्या जेवणाला श्रीखंड सुचित्रा करणार आहे आणि ते पुन्हा पातळ होणार आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांपुढे गाडी लावायला जागा मिळत नाही, तेही सांगितलं. गुरुदत्त मध्ये मध्ये "हो मावशी" म्हणत होते आणि घड्याळाकडे बघत होते. तिकडे हॅनरहॅन नंबर फिरवत असणार, त्याला एंगेजचा टोन ऐकू येत असणार आणि त्याची मान लाल होत असणार. हे सगळं त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं.

"बरं, ठेवते मी," मावशी म्हणाल्या. गुरुदत्तांनी श्वास सोडला. "पण जे विचारायचं होतं ते राहिलंच की. एका मुलीसाठी दोन स्थळं आहेत. कुणाची मुलगी ते विचारू नकोस."

"नाही विचारत, मावशी. संध्याकाळी बोलू या का?"

"संध्याकाळी तू विचार करायला लागशील. आत्ता सांग. एक मुलगा बॉस्टनला इंजिनियर आहे. इतका सांभाळून असतो, की चहासुद्धा गार करून पितो."

"चांगलं आहे," गुरुदत्त म्हणाले. तेही गार करूनच पीत.

"दुसरा विलक्षण हुशार. पण मेडिकल मध्येच सोडलं, आता दुखापत झालेल्या खेळाडूंना व्यायाम शिकवतो. मोटरसायकल चालवतो, त्यात एकदा पाय मोडून घेतलाय. लोक म्हणतात, नको रे बाबा."

घड्याळावर आता शेवटचं मिनिट सरत होतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस खुर्ची सरकवून त्यांच्याकडे बघत होता. कार्ड नेणारा अधिकारी येऊन टेबलापाशी उभा राहिला होता. आता पाळी जाणार, काम जाणार, नोकरी जाणार, घराचं काय होणार, एवढं सगळं एका क्षणात गुरुदत्तांच्या डोक्यातून गेलं. आणि मग, माणूस बुडताना सवयीने हातपाय मारतो, तसं ते आपल्या सवयीचं बोलू लागले.

"मावशी, त्याला घाबरतात किती जण?"

"सगळेच."

"आणि त्याने खरोखर कुणाचं काय वाईट केलंय?"

"कुणाचंच नाही. मोडला तो पाय त्याचाच होता."

"मग तोच घ्या. सगळे घाबरले म्हणून मागे राहिलेलं ना, त्यातच खरं सोनं सापडतं. पाय काय, बरा होतो. कोणता गुडघा?"

"डावा."

"डावाच? मग घ्याच," गुरुदत्त घाईघाईने म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या हातातलं कार्ड अधिकाऱ्याने ओढून घेतलं. त्या कार्डावर त्यांच्याच सुवाच्य अक्षरात टोबिनचं नाव लिहिलेलं होतं. ते आपण केव्हा लिहिलं हे त्यांना आठवेना.

"बघ, किती पटकन झालं," मावशी म्हणाल्या आणि खरोखरच फोन ठेवला.

नाव पुकारलं गेलं तसा सज्जात एकच गिल्ला झाला. निम्मे लोक हसत होते आणि निम्मे शिव्या देत होते. शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून आला आणि न बोलता त्याने गुरुदत्तांच्या खांद्यावर हात ठेवला, मयताला आल्यासारखा. मग फोन वाजला. तो उचलण्यापूर्वी गुरुदत्तांनी चष्मा काढून खिशात ठेवला. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

हॅनरहॅन ओरडला नाही. त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "हे नाव लिहायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणीही नाही, सर. फोन बिझी होता. चूक माझी आहे."

"पुन्हा सांग."

"चूक माझी आहे, सर."

"छान. कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं," हॅनरहॅन म्हणाला. मग आवाज आणखी खाली आणून तो जे बोलला ते असं, की गेले तीन आठवडे त्याच्या मनात टोबिनच होता. पण मालकाला त्या गुडघ्याची धास्ती आणि मालकाची हॅनरहॅनला. लिंडमनचं नाव सांगायला त्याने फोन उचलला आणि लाइन एंगेज आहे हे कळल्यावर त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने दुसऱ्यांदा नंबर फिरवलाच नाही. "पोरगा लंगडला, तर तू घोळ घातलास. पोरगा धावला, तर मी निवडला. आणि पुढच्या वर्षी टेबलावर तूच बस, गुरू."

गुरुदत्तांनी चष्मा पुन्हा लावला. शेकडो मुलांचे गुडघे त्यांनी तोलले, अख्ख्या देशातल्या संघांची भीती मोजली. हॅनरहॅनची तेवढी मोजायची राहिली होती.

संध्याकाळी आगगाडीने परत येताना त्यांना चक्क भूक लागली. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी खिडकीजवळची जागा घेतली. आपण अगदीच काही हे नाही, असा एक विचार मनात डोकावून गेला; त्यांनी त्याला फार वेळ थांबू दिलं नाही.

घरासमोर मोटरसायकल उभी होती.

गुरुदत्त फुटपाथवरच थांबले. नुकतीच रिकामी झालेली भीतीची जागा पुन्हा एकदा काठोकाठ भरली. दार वसुधाने उघडलं आणि ती लगेच बाजूला झाली. आत सोफ्यावर मृणालिनी मावशी ऐसपैस बसल्या होत्या. दीपा भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या शेजारी, हातात कपबशी घेऊन, एक उंच मुलगा अवघडून उभा होता.

"हा विनय," मावशी म्हणाल्या. "तूच सांगितलंस, घ्या म्हणून."

"मावशी, ते... ते मी फुटबॉलचं बोलत होतो."

"मी फुटबॉलचं विचारलं होतं का तुला?"

गुरुदत्तांनी वसुधाकडे बघितलं. "माझ्याकडे नका बघू," ती म्हणाली. "घरी विचारलं असतं, तर तुम्ही महिनाभर झोपला नसतात. तिथून तुम्हाला उठून जाता येणार नव्हतं. दीपाच म्हणाली, आजचा दिवस चांगला आहे."

"इट वॉज युअर मॅथ, बाबा," दीपा म्हणाली. आवाज धीट होता, पण ओढणीचं टोक असावं तसं तिने स्वेटरचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

सगळ्यांना ज्याची भीती वाटते, त्याची भीती प्रत्यक्षात किती खरी असते, हे गुरुदत्त कुणालाही कागदावर मांडून दाखवू शकत होते. पण सगळ्यांत आपण स्वतः आलो, की ते गणित कसं करायचं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी मुलाकडे नीट बघितलं. त्याच्या हातातला कप बशीवर बारीक बारीक वाजत होता. तो आवाज गुरुदत्तांना चांगला ओळखीचा होता. या खोलीत आपल्यापेक्षा जास्त घाबरलेलं कुणीतरी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना जरा बरं वाटलं.

"गुडघा कसा आहे आता?" त्यांनी विचारलं.

"एकदम ओके, काका," विनय गडबडीने म्हणाला. "प्लेट आहे आत, पण पळता येतं. फास्ट पळतो मी."

"तीच तर भीती आहे," गुरुदत्त म्हणाले आणि त्याला बसायला त्यांनी आपली खुर्ची पुढे ओढली.