पाटीचा रंग

ओहायो राज्यातल्या डनबार क्रीक गावात मंगळवारी सकाळी लोरेटा क्रॅन्डल यांचा कुत्रा हरवला. घटना एवढीच. पुढचं सगळं गावाने केलं, कुत्र्याचा त्यात दोष नाही.

लोरेटा एकाहत्तर वर्षांच्या, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. बिस्किट तेरा वर्षांचा आणि बहिरा. भुंकण्यात अर्थ नाही हे ओळखून त्याने ते दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. त्याला रोज हृदयाची गोळी लागे. "तीन दिवस चुकली, तर मग माझ्याकडे आणू नका," असं जनावरांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. म्हणजे गुरुवार संध्याकाळची मुदत. लोरेटांनी एक फळी शोधली, स्वयंपाकघराच्या दाराचा उरलेला रंग घेतला आणि अंगणात पाटी ठोकली: कुत्रा हरवला आहे. गोळी चालू आहे. दिसल्यास ताबडतोब आणून द्यावा.

रंग निळा होता.

निवडणुकीला सहा आठवडे उरलेले. अंगणाअंगणात पाट्या. निळी म्हणजे सगळं बदला, लाल म्हणजे आजोबांच्या वेळचं तेच बरं. तिसऱ्या रंगाची सोय गावात नव्हती.

डावीकडच्या घरात राहणारे, पण विचाराने कट्टर उजवे क्लाइड बार्स्टो कुंपणाशी आले. "लोरेटा, तूसुद्धा? तुझ्या नवऱ्याबरोबर तीस वर्षं मासे मारले मी!"

"अरे, कुत्रा हरवलाय, क्लाइड."

"आमच्या वेळी कुत्रे हरवत नसत. साखळी असायची."

अर्ध्या तासाने उजवीकडच्या मेरेडिथ प्रुइट केक घेऊन आल्या. "लोरेटा, किती धाडस केलंत! फक्त 'हरवला' शब्द खटकतो हं. त्यात मालकी येते. 'सध्या अन्यत्र आहे' लिहिलं तर?"

"बाई, तो बहिरा आहे हो."

"'बहिरा' तर मुळीच लिहू नका."

संध्याकाळी समोरच्या अंगणात लाल पाटी उगवली: आमचे कुत्रे घरीच असतात. तिच्या शेजारी लगेच निळी: हरवणे हा कुत्र्याचा हक्क आहे. ज्यांनी जन्मात कुत्रा पाळला नव्हता, त्यांच्या पाट्या सगळ्यांत मोठ्या होत्या.

बुधवारी कंटाळून लोरेटांनी पाटी लाल केली. क्लाइडने टोपी काढून सलाम ठोकला. मेरेडिथ येऊन केकची ताटली परत घेऊन गेल्या, केकसकट. गुरुवारी सकाळी लोरेटांनी दोन्ही डबे एकत्र ओतले. पाटी जांभळी झाली. तेव्हापासून त्यांच्याशी कोणीच बोलेना. निळे म्हणाले, आतून लाल आहे. लाल म्हणाले, आतून निळी आहे.

दुपारी चार वाजता अग्निशमन केंद्राच्या दालनात ग्रामपरिषदेची विशेष सभा भरली. विषय: श्री. बिस्किट यांची अनुपस्थिती. वक्ते एक्केचाळीस, प्रत्येकाला तीन मिनिटं. एकाने विचारलं, हा कुत्रा झेंड्याला मान देत असे काय? एकीने मांजरांना प्रतिनिधित्व मागितलं. लोरेटांची पाळी आली, त्या म्हणाल्या, "आज त्याला गोळी मिळाली नाही तर तो मरेल."

"बाई, विषयाला धरून बोला," अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात क्लाइड ताडकन उठले. "कोण कुत्र्यांचं भलं बघतं ते मी सांगतो! मंगळवारी तो माझ्या गॅरेजात होता. हाडूक घातलं मी त्याला! आणून देणारच होतो, पण पाटी निळी! लाल झाली तेव्हा निघालो, तर हा पसार."

"पसार नाही, माझ्या ओसरीवर आला," मेरेडिथ किंचाळल्या. "मीही आणून देणारच होते. बाहेर बघते तर पाटी लाल! आणि मी त्याला गाजर दिलं."

"गाजर!" अर्धं दालन हळहळलं.

लोरेटांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "गोळी दिलीत का?"

"कसली गोळी?" दोघांनी एकदम विचारलं. तीन दिवसांत गावाचं झालेलं हे पहिलं एकमत.

"पाटीवर लिहिली होती."

"रंग दिसल्यावर वाचत कोण बसतं, लोरेटा?" क्लाइड म्हणाले. मेरेडिथनी मान डोलावली. हे दुसरं.

लोरेटा तडक मेरेडिथच्या ओसरीकडे निघाल्या. सभेच्या घाईत मेरेडिथनी फाटक उघडंच टाकलं होतं, ओसरी रिकामी. बिस्किट आपल्याच अंगणात, जांभळ्या पाटीखाली आडवा पडलेला. लोरेटा गुडघ्यावर बसल्या. शेपटी एकदा हलली. मग त्यांनी शेंगदाण्याच्या लोण्यात गोळी घोळून पुढे धरली, आणि त्याने कुठलाही ठराव न मांडता ती गिळली.

बिस्किट आता ठीक आहे. पाटी लोरेटांनी उपटून शेकोटीत घातली. धूर कोणत्या रंगाचा निघाला, यावर परिषदेने समिती नेमली आहे.

हसलात? बरं केलंत. आता तुमच्या गल्लीत कोणाचा कुत्रा हरवला, तर पाटी कोणत्या रंगात रंगवली म्हणजे तुम्ही ती वाचाल, तेवढं आधी कळवा. भगवा, हिरवा, निळा, तिन्ही डबे उघडून ठेवलेत. गोळीची वेळ होत आली आहे.