आईने वाटेला लावलेले संपादक

चिरंजीव आंघोळीला गेले होते आणि टेबलावर त्यांचा फोन वाजत होता. मासिकाच्या संपादकांचं नाव बघून आईने पदराला हात पुसले. नोकरी सोडून लेखक झाल्यापासून चिरंजीवांची एकूण एक गोष्ट साभार परत येत होती, आणि ती आली की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. ही गोष्टही परत आली तर लिहिणं बंद, पुन्हा विमा कचेरीत जायचं, असं त्यांनी कालच जाहीर केलं होतं. लेकाचं लिहिणं सुटू नये, एवढीच आईची धडपड होती. तिने फोन उचलला.

“मी त्याची आई. काय असेल ते मला सांगा.”

“नमस्कार. गोष्ट फार आवडली. परंतु...”

आईने कपाळावर हात मारला. आजवर आलेला प्रत्येक नकार तिने वाचला होता. आधी कौतुक, मग परंतु.

“कळलं हो पुढचं! पोराला मी आज काही सांगायची नाही. तुम्हाला तरी रोज लोकांची मनं मोडून कसं बरं वाटत असेल? वेळेवर जेवत जा. ठेवते.”

एवढं बोलून तिने फोन कपाटात चादरींखाली दडपला. ती कपाटाचं दार लावत असतानाच चिरंजीव बाहेर आले.

“बस रे राजा. पंखा लावू?”

आईने राजा म्हटलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे कळायला लेखक असावं लागत नाही.

“नकार आला ना?”

“आला. पण मी चांगलं खडसावलंय त्यांना!”

चिरंजीव कपाटाकडे धावले. नकाराचं दुःख राहिलं बाजूला, आता संपादकांचं दारही बंद! त्यांनी चादरी उपसून फोन काढला आणि संपादकांना लावला.

“साहेब, आईच्या वतीने माफी मागतो. नकार कबूल आहे. दुसरी गोष्ट पाठवू का?”

शेवटचं वाक्य तोंडून गेलं आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. विमा कचेरी आठवलीसुद्धा नव्हती.

“नकार कसला? गोष्ट घेतलीय आम्ही! शेवट फार रेंगाळतो, एवढंच सांगत होतो, तर आईंनी मलाच वाटेला लावलं.”

चिरंजीवांचा आनंद गगनात मावेना. ओल्या टॉवेलासकट त्यांनी आईला मिठी मारली.

“मग शेवट कसा करू, साहेब?”

“आईंनी माझा केला तसा. मायेने, पण झटपट.”

चिरंजीवांनी गोष्टीचे कागद आईपुढे ठेवले.

“मला मेलीला काय कळतंय त्यातलं?” असं म्हणत आईने चष्मा लावला, आणि शेवटची तीन पानं उचलून बाजूला ठेवली.