सरूआत्याचं मोहोळ

समोरून दहा-बारा माणसं दात विचकत धावून येतायत, आपल्या हातात भलीमोठी बंदूक आहे, आणि अशा वेळी आमची सरूआत्या बंदूक खाली करून ओरडते, "रांगेत! बारके पुढं, थोरले मागं! ढकलाढकली करायची न्हाई!"

घाबरू नका. हे टीव्हीवरच्या खेळात चालतं. नांदेडात, तरोडा भागात, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, रोज दुपारी. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. सगळी नोकरी तिने किनवटकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर इथे येऊन राहिली. साठी कधीच ओलांडलीय, पण आवाज अजून मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचेल असा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा मला जिन्यात गाठलं. "तुमच्या आत्या शिकवणी घेतात वाटतं. आमच्या नातीला घेतील का? तिला असाच धाक पाहिजे." मी म्हणालो, "जागा भरल्या." दुसरं काय सांगणार? की वर जी शिकवणी चालते तिथल्या प्रत्येकाच्या मानेत अळी आहे?

आता ही अळी समजावून सांगतो. मला जेवढी समजली तेवढीच. मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे, परग्रह आमच्या विभागात येत नाहीत. तर एका दूरच्या ग्रहावर माणसांची वसाहत असते. तिथल्या गुहेतून एक परजीवी अळी निघते आणि मानेतून माणसात शिरते. मग त्या माणसाचं मन त्याचं राहत नाही. सगळ्यांचं मिळून एकच मन होतं, मधमाश्यांच्या मोहोळासारखं. एकाने पाहिलं की सगळ्यांना दिसतं, एकाला लागलं की सगळे कळवळतात. तळघरात त्या अळ्यांची आई बसलेली असते आणि तिचीच मर्जी सगळ्यांत चालते. आपण तेवढे शाबूत राहिलेले शिपाई. दिसेल त्याला गोळी घालत खाली जायचं आणि आईला संपवायचं. माझी मुलगी स्नेहल सांगते की अशा खेळांची एक जातच आहे. कुठे अळी असते, कुठे बुरशी, कुठे हवेतून उडत येणारं काहीतरी. पण बाधा झालेला माणूस हा माणूस उरलेला नाही, हे सगळीकडे पक्कं असतं. गोळी घालताना खेळणाऱ्याच्या मनाला लागू नये म्हणून केलेली ती सोय.

आत्याला ती सोय मंजूर नाही.

टीव्हीला जोडायचा हा खेळाचा डबा मुळात स्नेहलचा. कॉलेजात असताना ती घरी स्वतःच्या आईच्या बोलण्याला कंटाळून तो उचलून आत्याकडे घेऊन गेली. तिथे टीव्ही मोठा आणि बोलणारं कोणी नाही. खेळता खेळता तिने आत्यालाही शिकवलं. मग स्नेहलला पुण्यात नोकरी लागली, डबा तिथेच राहिला, आणि एके दिवशी आत्या एकटीच खेळायला बसली. समोरून बाधावाले आले. नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. आत्याने हातातलं बटणांचं यंत्र सोफ्यावर टाकलं आणि वरण बघायला आत गेली. परत येऊन बघते तर तिच्या शिपायाभोवती सगळे गोल करून उभे. कोणी चावत नाही, कोणी ओरबाडत नाही. नुसते जागच्या जागी डुलतायत.

"बघ दिल्या," ती मला म्हणाली, "बंदूक दाखवली की अंगावर येतात. गप उभं राहिलं की जवळ येऊन थांबतात, चाललं की मागं येतात. लेकरंच हायेत ती. नवीन नवीन आमच्या पोरी बी चावायच्या."

झालं. त्या दिवसापासून आत्याच्या हातून एकही गोळी सुटली नाही. उलट तिने सगळ्यांना नावं दिली, आणि तीही वसतिगृहातल्या मुलींची. त्यात एक खाणकामगार आहे, सहा फूट उंच, दाढी छातीपर्यंत, एक डोळा हिरवा झालेला. त्याच्याकडे बोट दाखवून आत्या मायेने म्हणते, "ही आमची शेवंता. अगदी अशीच मान वाकडी करून उभी राहायची." एका टकल्या डॉक्टरचं नाव जनाबाई आहे. तो लंगडतो, म्हणून त्याच्यासाठी सगळे थांबले पाहिजेत असा आत्याचा हुकूम आहे. ते थांबतातही. एकच मन असल्याचा हा फायदा.

मी एकदाच हा खेळ खेळायला बसलो आणि पहिल्याच मिनिटाला घाबरून शेवंताला गोळी घातली. आत्याने माझ्या हातातून यंत्र घेतलं, मागच्या मुक्कामापासून खेळ पुन्हा उघडला, शेवंता मान वाकडी करून उभी आहे याची खात्री केली आणि मग आत जाऊन स्वतःपुरता चहा करून घेतला. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला त्या अळीची भीती कशाला? शिरायला आत मन तर पाहिजे."

कुठल्याही गोष्टीवर आत्याचा एकच प्रश्न असतो: "इंतजाम काय हाय?" लग्नाची पत्रिका दिली तरी, कोणी वारल्याचं सांगितलं तरी. स्नेहलने फोनवर सांगितलं, "आजी, हे सगळे मिळून शेवटी पृथ्वीवर चाल करून येणार असतात," तेव्हाही आत्या म्हणाली, "येऊ दे की. पण इतक्या लोकांच्या जेवणाचा इंतजाम काय हाय?" तळघरातल्या त्या अळ्यांच्या आईकडे ती एका वसतिगृहाच्या बाईने दुसरीकडे बघावं तशी बघते. भिंतींवर चिकट पडदे लोंबत असतात, ते बघून कपाळाला हात लावते. "हे काय करून ठिवलंय बाईनं. उद्या तपासणी आली म्हणजे?" पण लगेच स्वतःलाच समजावते, "एकटी तरी कुठं कुठं पुरंल? रजा न्हाई, बदली न्हाई."

स्नेहल एकदा वैतागली. "आजी, ती माणसं गेली आता. आत कोणी नाहीये. सगळ्यांचं मिळून एकच डोकं आहे."

"मग चांगलंच हाय की," आत्या म्हणाली. "एकीला ताप आला की सगळ्यांना कळत असंल. आमच्याकडं मी खाटाखाटांवर जाऊन कपाळाला हात लावत फिरायची."

मी हे सगळं गंमत म्हणून चार ठिकाणी सांगायचो. ऑफिसात तर माझ्या मागे लोक हौसेने लागायचे, "काय म्हणते आत्याबाईंची शाळा?" मग एका दुपारी न सांगता तिच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या टीव्हीसमोर पाट घेऊन जेवायला बसली होती. यंत्र बाजूला. पडद्यावर शेवंता, जनाबाई आणि बाकीचे सगळे तिच्याकडे तोंड करून डुलत उभे. आत्याने भाकरीचा तुकडा मोडला, पडद्याकडे एकवार नजर फिरवली, सगळे आले का ते पाहिलं, आणि मगच घास घेतला.

मी पायरीवर थोडा वेळ थांबलो आणि खोकून आत गेलो. ऑफिसात ही गोष्ट काही मी सांगितली नाही.

त्यानंतर महिनाभराने स्नेहलचा फोन आला. शनिवारी घरी येतेय, आणि जाताना तो डबा घेऊन जाणार. पुण्यात मैत्रिणींनी मिळून मोठं घर भाड्याने घेतलंय. बायको म्हणाली, "आत्याबाईंना तुम्हीच सांगा." सांगायला म्हणून मी तिच्याकडे तीनदा गेलो आणि तीनदा पावसापाण्याच्या गोष्टी करून परतलो. शेवटी शुक्रवारी बोललो. दुसरा डबा घेऊन देऊ, असंही म्हणालो.

"दुसऱ्यात हीच असतील का?" आत्याने विचारलं.

मी स्नेहलला विचारून सांगतो म्हणालो. खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागेल हे मला माहीत होतं, आणि तिलाही.

"राहू दे," ती म्हणाली. "लेकराची वस्तू हाय, तिला नेऊ दे. पण यांना असं मधीच टाकून कसं जाणार? उद्या दुपारी ये. शेवटचं दार उघडायचंय."

हे शेवटचं दार मला ठाऊक होतं. त्याच्या पलीकडे ती अळ्यांची आई. तिथे पोचल्यावर दोन रस्ते असतात. आईला जाळलं की मानेत अळी असलेले सगळे तिच्यासोबत मरतात. किंवा वसाहतभर हिंडून उताऱ्याच्या बाटल्या गोळा केल्या असतील तर त्या तिच्या कुंडात ओतायच्या. मग अळ्या गळून पडतात आणि माणसं सुटतात. बाटल्या गोळा करायला फार चिकाटी लागते म्हणून बहुतेक जण सरळ जाळून मोकळे होतात. आत्याच्या बाटल्या पावसाळ्याआधीच पुऱ्या झाल्या होत्या. तरी ती रोज त्या दारापर्यंत जायची आणि सगळ्यांना घेऊन परत फिरायची. इतके दिवस मला वाटायचं, तिला पुढचं जमत नसेल.

शनिवारी गेलो तर आत्या इस्त्रीची सुती साडी नेसून बसलेली. केस चापून बसवलेले. तपासणीच्या दिवशी बसायची तशी.

"आधीच का नाही उघडलंस हे दार?" मी विचारलं.

"उतारा दिला की सुटतात," ती म्हणाली. "सुटले की जातात."

तिने यंत्र हातात घेतलं. मग पडद्याकडेच बघत बोलली. "मी निवृत्त झाले मे महिन्यात. पोरी सुटीला गेल्या होत्या. जाताना म्हणल्या, येतो बाई. मी बी म्हणलं, या. जूनमधी त्या आल्या आणि मीच न्हाई. दारात कुणी नवीनच बाई उभी. कायकाय वाटलं असंल रे त्यांना? एकेकीला जवळ घेऊन सांगायचं राहूनच गेलं."

सरकारी नोकरीत मे महिन्यात निवृत्त होणारे मी ढिगाने पाहिलेत. त्यांच्या हारांची सोय मीच करतो.

आत्याने हजेरी घेतली. तोंडपाठ. शेवंता, जनाबाई, गोदावरी, लिंबाबाई, एकेक नाव घेऊन त्याच्यासमोर शिपायाला उभं केलं. एकेकाकडे नीट बघून झालं, मग पुढचा. जनाबाईसाठी थांबली. आणि मग दार उघडलं.

आत ते भलंमोठं धूड धपापत होतं. आत्या त्याला म्हणाली, "बाई, लई केलंत. आता बसा जरा." आणि उतारा ओतला.

एकेक जण खाली कोसळला. मानेतून काहीतरी काळं निसटून गेलं. मग ते उठून बसले आणि आपापल्या हातांकडे बघू लागले, जणू हात पहिल्यांदाच भेटतायत. शेवंताची मान सरळ झाली. हे मला का कोण जाणे, बघवलं नाही. पलीकडे उजेडाचं एक दार उघडलं आणि ते वेगवेगळे, एकमेकांशी न बोलता, त्या उजेडात निघून गेले. शेवटी लंगडत जनाबाई. पडदा पांढरा झाला.

"एकीनं बी मागं पाह्यलं न्हाई," आत्या म्हणाली.

"अगं, तो खेळ आहे," मी म्हणालो. "त्यांना तसंच चालायला लावलेलं असतं."

"गप रे. मीच शिकवायची. जीपमधी बसलं की समोर बघायचं. मागं पाह्यलं की घाटात उलट्या होतात."

ती हसली, मीही हसलो. खेळ बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकत होती. ती सगळी संपेपर्यंत आत्या उठली नाही. मग तिने स्वतःच वायरी काढल्या, डबा जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवला आणि पदराने टीव्हीवरची धूळ पुसत, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमच्याकडं संध्याकाळी किती वाजता जेवता रे?"

"आठला," मी ठोकून दिलं. "का?"

"काही न्हाई," म्हणत ती आत गेली.

मी डबा काखेत धरून जिन्यात आलो आणि घाईघाईने बायकोला फोन लावला. "अगं, आपण किती वाजता जेवतो?"

"आपण म्हणजे कोण?" तिने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे एक जण बातम्यांसमोर जेवतो, एक जण मालिका संपल्यावर. "आज आठला," मी म्हणालो. "स्नेहलची गाडी सातला पोचते. सगळे एकत्र बसू."

तेवढ्यात वर कुलूप लागल्याचा आवाज आला. आत्या जिना उतरत होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात स्टीलचं ताट आणि पेला, नुकतेच धुतलेले, पाणी निथळतंय.

"आत्या, आमच्याकडे ताटं आहेत गं," मी म्हणालो.

"असतील की," ती म्हणाली. "पण नवीन पोरीनं पहिल्या दिवशी आपलं ताट-पेला घेऊन यायचं असतंय."