सात नंबरच्या आजींचा शांत तास

दुपारी दोन ते तीन आमच्या वॉर्डात टाचणी पडली तरी ऐकू येईल, अशी व्यवस्था मी करून दाखवणार होते! हसू नका. मोठ्या सिस्टरही आधी हसल्याच होत्या.

निवासी डॉक्टरला शेवटच्या वर्षी एक गुणवत्ता सुधारणा प्रकल्प करावाच लागतो. रुग्णालयाचं एखादं दुखणं शोधायचं, त्यावर उपाय करायचा आणि तो लागू पडला हे आकड्यांनी पटवायचं. नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत! मी शोधलेलं दुखणं म्हणजे झोप. आमच्याकडे पेशंटचा जरा डोळा लागला की कुणी ताप बघायला येतं, ते गेलं की कुणी फरशी पुसायला, आणि तेही गेलं की "झोप लागते ना नीट?" असं विचारायला मी!

सात नंबरच्या आजींचा तर चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. न्यूमोनिया बरा होत आला होता, पण रक्तदाब काही उतरेना.

"डॉक्टरबाई, गोळ्या पुरे झाल्या. मला तासभर झोप द्या," आजी म्हणाल्या. झालं! माझा निश्चय पक्का.

"शांतता हवी ना? मग आधी तुमच्या चपला काढा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "बैलगाडी आल्यासारखं वाटतं."

मी मोज्यांवर आले. दोन वाजता हिरवे पडदे ओढले, फोनचे गळे दाबले, झाडूवाल्या मावशींना चवड्यांवर चालायला शिकवलं. आणि काय सांगू! पडद्यांतून झिरपणाऱ्या उजेडानं अख्खा वॉर्ड पाण्याखाली गेल्यासारखा झाला. वीस खाटा म्हणजे काठाला बांधलेल्या वीस होड्या. पंखा सावकाश फिरत होता, सलाइनचे थेंब न घाबरता, एकेक करून उतरत होते. आजींनी डोळे मिटले. मी शेजारच्या खुर्चीत बसून तक्त्यात लिहिलं, 'खाट सात, दोन वाजून दहा मिनिटं, झोप लागली.' मग मलाही त्या होड्यांबरोबर थोडं तरंगल्यासारखं झालं. सकाळपासून बूड टेकलं नव्हतं हो!

खांद्याला कुणीतरी हात लावला. आजींचा मुलगा आणि सून! घरी सोडण्याबद्दल बोलायला आमच्या वॉर्डाचे प्रमुख डॉक्टर, म्हणजे सरांनीच त्यांना बोलावलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. आधीच बिचारे धास्तावलेले. त्यात दारात सिस्टर ओठांवर बोट ठेवून उभ्या, मावशी मान खाली घालून चाललेल्या, सगळीकडे अंधार!

"डॉक्टर... आई?" मुलानं विचारलं.

मी अजून अर्धी होडीतच होते. हळुवार आवाजात म्हटलं, "शांत झोपल्या."

"कधी?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी."

त्यानं खाटेची कड पकडली. "त्रास झाला का?"

"अजिबात नाही. चार दिवस फार सोसलं हो त्यांनी. आता सुटल्या."

"अहो, मग आम्हाला फोन नाही का करायचा?"

"फोन केला तर आवाज नाही का होणार?" मी समजूत घातली. "काळजी करू नका. आता त्यांना कुणीसुद्धा उठवणार नाही."

सुनेनं जो हंबरडा फोडला, तो तळमजल्यावर ऐकू गेला असेल!

"आई! पंधरा दिवस मी तुमच्याशी बोलले नाही हो! तुमचा चष्मा मीच फोडला आणि नाव मांजराचं सांगितलं! माझ्या आजारपणात तुम्ही उशाशी बसून राहिलात, मी साधं 'बरं वाटलं' म्हटलं नाही!"

तीन नंबरच्या बाई रडायला लागल्या. बारा नंबरच्या बाईंना ऐकू येत नाही, पण त्याही रडायला लागल्या. मावशींच्या हातून बादली निसटली आणि घरंगळत थेट नर्सच्या टेबलापर्यंत गेली. मी खडबडून जागी झाले.

"अहो, झोपल्यात! खरोखरच्या झोपल्यात! छाती बघा ना हलतेय!"

मुलानं हात लावून पाहिला. "गरम आहे! अगं, आई गरम आहे!"

आजींनी डोळे उघडले आणि सुनेचं डोकं छातीशी धरलं. सिस्टरांनी रक्तदाब मोजला. चार दिवसांत पहिल्यांदा उतरला होता!

गोंगाट ऐकून सर धावत आले. मी तक्ता पुढे केला. "सर, सात नंबरची सलग चाळीस मिनिटं झोप! रक्तदाबही उतरला!"

"वा!" सर म्हणाले. "एवढ्या रडारडीत?"

"बाई, खोटं लिहू नका हो," आजी म्हणाल्या. "मी कुठली झोपतेय? तुम्ही शेजारी केवढ्यानं घोरत होतात!"

"मग डोळे का मिटून घेतलेत?"

"आधी तुम्हाला बरं वाटावं म्हणून. नंतर सून इतकं चांगलं बोलायला लागली, मधेच कशाला उठायचं?"

सरांनी पेन उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. काय लिहा म्हणणार? त्या तासात वॉर्डात शांत झोप लागल्याचा एकच पक्का पुरावा होता, आणि ती बाई आमच्याकडे दाखलच नव्हती!