एका डोळ्यापुरती गाडी

काळी गाडी अखेर आरशासारखी चकाकली, आणि तेव्हापासून त्या घरातली तीन माणसं चौथ्याशी खाली मान घालून बोलतात. मात्र असं काही घडलेलंच नाही, असं त्या घरात एकमतानं ठरलेलं आहे. तेव्हा आपणही ते घडलं नाही असंच धरून चालू आणि जे घडलं नाही ते नीट क्रमानं पाहू.

सासऱ्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू सकाळी निघाला आणि दुपारी डोळ्यावर पट्टी बांधून ते घरी आले. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. डावा डोळा उघडा होता, पण तिथला मोतीबिंदू आणखी मुरलेला. त्या डोळ्यानं त्यांना माणसं आकारावरून ओळखू यायची, आणि बसलेली असली तर तेवढीही नाहीत. सासरे अभिलेख विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. खुर्ची सुटली होती, भाषा सुटली नव्हती. पलंगावर टेकल्या टेकल्या त्यांनी जाहीर केलं, "उद्या पट्टी निघाल्यावर प्रथम गाडीची पाहणी करण्यात येईल. बाकीचे सगळे नंतर."

"बाकीचे म्हणजे आम्ही," सासूबाई म्हणाल्या.

"क्रमानं," सासरे म्हणाले.

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, दार लोटलं आणि लेकीला नि जावयाला म्हणाल्या, "मेलो आपण."

प्रकरण असं होतं. सासरे रोज सकाळी ती गाडी कोरड्या टॉवेलनं पुसत. टॉवेल गाडीपेक्षा जुना होता आणि तो धुतला की त्याचा गुण जातो, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे आदल्या दिवशीची धूळ दुसऱ्या दिवशी गाडीवर परत जायची, आणि तीही गोल गोल, प्रेमानं. काळा रंग पोटात काही ठेवत नाही. ऊन पडलं की पूर्ण गाडीवर बारीक वर्तुळाकार ओरखडे उठून दिसायचे, जणू कोळ्यांच्या चार पिढ्या तिथे संसार करून गेल्या होत्या. सासऱ्यांना ते दिसत नव्हते. पुसून झालं की ते विचारत, "कशी दिसते?" आणि घरातलं जे कोण जवळ असेल ते मान वर न करता म्हणे, "नवीच." सुरुवातीला हे दयेपोटी होतं. मग सवय झाली. पुढे पुढे तर ती घरातली एक वस्तुस्थिती झाली, फक्त गाडीला तिचा पत्ता नव्हता.

"दिसलं तर दिसलं," लेक म्हणाली. "रागावतील चार दिवस."

"रागावले तर परवडलं गं. ते ओरखडे कुणी पाडले ते कळेल ना त्यांना. निवृत्त झाल्यापासून एवढं एकच काम करतायत. मन लावून."

जावई म्हणाला, "मी बघतो."

जावई शाळेत भूगोल शिकवायचा आणि बायकोसह त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायचा. 'मी बघतो' हे वाक्य त्यानं यापूर्वी मोरीतल्या नळाबद्दल उच्चारलं होतं. तो नळ आता नाही.

"एकच डोळा उघडणार आहे," लेक विचार करत म्हणाली. "एकाच बाजूची केली तर?"

जावयानं याचा गांभीर्यानं विचार केला. "उजव्या बाजूची की डाव्या?"

"तुझे बाबा गाडीला फेरी मारणार ना," सासूबाई म्हणाल्या. तो मार्गही बंद झाला.

तेवढ्यात आतून हाक आली. "जावईबापू, आम्हाला वाकायला मनाई आहे. आज गाडी तुम्ही पुसा. आमच्या टॉवेलनं."

त्या टॉवेलला आजवर कुणी हात लावला नव्हता. सासऱ्यांनी तो उशाखालून काढून जावयाच्या हातात दिला. "गोल गोल फिरवायचा. दाब द्यायचा नाही. घाई करायची नाही. मन दुसरीकडे असेल तर थांबायचं." लेक देताना त्यांनी इतक्या सूचना दिल्या नव्हत्या.

जावयानं टॉवेल वर जाऊन कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. मग दोन बादल्या घेतल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची, आणि गाडी धुतली. धूळ गेल्यावर ओरखडे आणखी स्वच्छ दिसू लागले. कुंपणापलीकडून शेजारच्या दंतवैद्यांचं डोकं वर आलं. त्यांचा दवाखाना त्या दिवशी बंद होता आणि सकाळपासून त्यांना कुणाचं तोंड उघडं मिळालं नव्हतं.

"बरीच वर्षं दुर्लक्ष झालंय," ते गाडीकडे पाहत म्हणाले.

"दुर्लक्ष नाही हो. रोज पुसतात."

"चुकीचं घासणं न घासण्यापेक्षा वाईट. रंगावर एक पारदर्शक थर असतो, इनॅमलसारखा. ओरखडे त्याच्यात आहेत. ओरखडा काही काढता येत नाही. त्याच्या आजूबाजूचं सगळं घासून त्याच्या पातळीला आणायचं, की तो दिसेनासा होतो."

"शाळेत आम्ही तेच करतो," जावई म्हणाला.

"मग जमेल. आधी तळहाताएवढ्या जागेवर करून बघा."

जावयानं बॉनेटच्या मधोमध पॉलिशचा ठिपका टाकला आणि फडक्यानं घासत बसला. थोड्या वेळानं पुसून पाहिलं तर तिथे तळहाताएवढी काळीभोर विहीर तयार झाली होती. तिच्यात आभाळ दिसत होतं, आभाळात एक पक्षी दिसत होता. आणि भोवतीची अख्खी गाडी आता जुन्या पाटीसारखी दिसू लागली होती.

"एक दात पांढरा केला की बाकीचे पिवळे दिसतात," दंतवैद्य म्हणाले.

"हे आधी सांगायचं ना."

"आधी सांगितलं की कुणी खुर्चीत बसत नाही."

आता माघार नव्हती. गाडी सगळीकडे सारखीच खराब असती तर तिचा रंगच तसा आहे, असं सासऱ्यांना पटवता आलं असतं. पण तो तळहात आता साक्षीदार होऊन बसला होता. दंतवैद्यांनी घरातून पॉलिशचं विजेवरचं मशीन आणलं. ते अजून खोक्यातच होतं. "आमची गाडी पांढरी," ते म्हणाले. "तिला कशानंच फरक पडत नाही."

मशीन सुरू झालं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

"हा आवाज कसला?" आतून सासऱ्यांनी विचारलं.

"मिक्सर," सासूबाई म्हणाल्या.

"काय वाटताय?"

"जेवण."

बराच वेळ गेला. मशीन एका दारावरून दुसऱ्या दारावर गेलं.

"किती माणसं जेवायला आहेत?" सासऱ्यांनी विचारलं.

खोटं एकदा बोललं की त्याचं पालनपोषण करावं लागतं. सासूबाईंनी खरोखरच मिक्सर काढला आणि घरात होतं नव्हतं ते त्यात घातलं. संध्याकाळी सासऱ्यांपुढे तीन वाट्या आल्या. तिन्हींत सारखंच गुळगुळीत काहीतरी होतं.

"हे काय आहे?"

"भाजी."

"कोणती?"

"सगळ्या."

"आणि चावायचं काय?"

"चावायला मनाई आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"ऑपरेशन डोळ्याचं झालं ना?"

"नसा सगळ्या एकच असतात," दंतवैद्य खिडकीतून म्हणाले. सासऱ्यांनी तज्ज्ञाचा अभिप्राय म्हणून त्याची नोंद घेतली आणि भाजी प्यायले.

बाहेर काम शेवटाला आलं होतं. दोन्ही बाजू झाल्या, मागचं झाकण झालं, छप्पर झालं. फक्त बॉनेटची पुढची कड उरली होती. कडेला तो थर आणखी पातळ असतो. दातांच्या बाबतीत हे दंतवैद्यांना पाठ होतं, गाडीच्या बाबतीत आठवायला उशीर झाला. मशीन उचललं तेव्हा कडेवर अंगठ्याच्या नखाएवढा पांढुरका डाग उघडा पडला होता. भोवती काळाभोर समुद्र आणि मधे एक बेट. नकाशात असतं तर जावयानं मुलांकडून पाठ करून घेतलं असतं.

"हिरडीपर्यंत गेलात," दंतवैद्य म्हणाले.

"तुम्ही म्हणालात अजून थोडं."

"ते आम्ही सगळ्यांनाच म्हणतो."

रंगाची दुकानं बंद झाली होती. जावई पायरीवर बसला आणि त्यानं मोरीकडे पाहिलं, जिथे एकेकाळी नळ होता. लेक आत गेली आणि हातात एक दबलेली ट्यूब घेऊन आली. "बाबांचा कलप आहे," ती म्हणाली. "'नैसर्गिक काळा' लिहिलंय."

सासरे दर रविवारी स्वतःच्या हातानं कलप लावत. डोळे अधू झाल्यापासून ते काम अंदाजानं चालत असे. ट्यूबमध्ये जेमतेम बोटभर उरला होता. दंतवैद्यांनी आपला सगळ्यात बारीक ब्रश आणला, वाकले, श्वास रोखला आणि बेटावर काळोख पसरवू लागले. "दुखलं तर हात वर करा," ते सवयीनं म्हणाले. गाडीनं हात वर केला नाही. वरून मेणाचा हलका हात फिरवला आणि सगळे मागे सरले.

अंगणात आता गाडी उभी नव्हती. गाडीच्या आकाराची एक खोल, काळी जागा होती, आणि तिच्यात घर, कुंपण, तीन दमलेली माणसं आणि एक समाधानी दंतवैद्य स्पष्ट दिसत होते.

"नवीच," सासूबाई म्हणाल्या. कितीतरी वर्षांनी हा शब्द त्यांनी मान वर करून उच्चारला होता.

सकाळी पट्टी निघाली. दवाखान्यातच काळा चष्मा मिळाला आणि सासऱ्यांनी तो डोळ्यांवर चढवला तो चढवलाच. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली तर म्हणाले, "पाहणीपूर्वी काहीही बघणार नाही." अक्षरं तशीच न वाचलेली सोडून, लेकीचा हात धरून ते घरी आले, अंगणात उभे राहिले आणि त्यांनी चष्मा काढला.

आधी त्यांनी लांबून पाहिलं. मान हलवली. मग छपरावरून नजर नेली, मागे गेले, दुसऱ्या बाजूनं पुढे आले. जावई बॉनेटच्या कडेला टेकून सहज उभा असल्यासारखा उभा होता.

"जावईबापू, बाजूला."

जावई बाजूला झाला. सासूबाईंनी डोळे मिटले. पण सासरे बॉनेटपाशी थांबले नाहीत. ते चालकाच्या दारापाशी आले, किंचित वाकले आणि तसेच राहिले.

"आत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा," लेक म्हणाली.

"म्हातारा आहे एक."

सासऱ्यांनी हात कानाकडे नेला. दारातल्या म्हाताऱ्यानंही नेला. त्याचा कान वरच्या कडेपासून पाळीपर्यंत काळा होता आणि कपाळावर केसांची हद्द भुवयांच्या दिशेनं बरीच पुढे सरकलेली होती.

"कानाला काळं कुणी फासलं?"

"तुम्हीच," सासूबाई म्हणाल्या. "दर रविवारी."

"आणि कपाळाला?"

"कपाळ हल्लीच सुरू केलंत," लेक म्हणाली.

"मी विचारायचो सगळ्यांना. कसं दिसतंय म्हणून. तेव्हा काय सांगायचात?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. जावयानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं जमिनीकडे पाहिलं.

"नवंच," ती म्हणाली.

सासऱ्यांनी दाराकडे पुन्हा पाहिलं. तिथे त्या म्हाताऱ्याच्या शेजारी एक पांढऱ्या केसांची बाई येऊन उभी राहिली होती. "ही तू का?"

"मीच."

"केस पांढरे झालेत तुझे."

"हं."

"बरे दिसतायत," सासरे म्हणाले, आणि उभं राहायला आधार म्हणून त्यांनी बॉनेटच्या कडेवर हात टेकला. हात उचलला तेव्हा बोट काळं झालं होतं. त्यांनी बोट नाकापाशी नेलं, वास ओळखला, आणि त्यांचा चेहरा पडला. "बघा. माझ्या कानाचं गाडीला लागलं."

"निघेल ते, बाबा," जावई म्हणाला. त्या दोन दिवसांतलं त्याचं हे एकमेव खरं वाक्य होतं.

सासरे मागे सरले. त्यांनी गाडी एकदा पुढून मागपर्यंत पाहिली, मग तिघांना डावीकडून उजवीकडे.

"मी गाडी इतकी वर्षं कशी राखली ते बघा," ते शांतपणे म्हणाले. "एक ओरखडा नाही. आणि तुम्ही मला कसं राखलंत तेही बघा."

याला एकच उत्तर होतं, आणि ते द्यावं लागू नये म्हणून तर आदला अख्खा दिवस खर्ची पडला होता. कुंपणावरून दंतवैद्यांचं डोकं हळूच खाली गेलं.

सासरे पायरीवर बसले. काळा चष्मा त्यांनी पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"जावईबापू, लिहून घ्या."

जावयानं खिशातून पेन काढलं.

"प्रति, मा. नेत्रशल्यविशारद. विषय, काढून घेतलेला मोतीबिंदू परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, काल सकाळी अर्जदाराच्या उजव्या डोळ्यातून काढण्यात आलेला मोतीबिंदू अर्जदाराच्या ताब्यात अनेक वर्षे होता व त्याविषयी अर्जदाराची, तसेच त्याच्या कुटुंबीयांपैकी कोणाचीही, कसलीही तक्रार नव्हती. तरी सदर मोतीबिंदू अद्याप नष्ट करण्यात आला नसल्यास तो मूळ जागी, मूळ स्थितीत बसवून मिळावा, आणि तो गहाळ झाला असल्यास त्याच जाडीचा दुसरा मोतीबिंदू उपलब्ध करून देण्याची व्यवस्था शक्य तितक्या लवकर व्हावी, ही नम्र विनंती."