पलीकडचा काठ आणि तापलेलं इंजिन

बायको लेकीच्या बाळंतपणाला नदीपलीकडे गेली ती महिनाभरासाठी. आता चौथा महिना लागला होता. निवृत्त पोस्टमास्तरांना घर खायला उठलं होतं. फेरीबोटीनं जायला अर्धा तास पुरे, पण तिला निरोप देताना ते बोलून बसले होते, "मी येईन तर माझ्या होडीनंच येईन!" आणि होडीचं इंजिन दहा मिनिटांत तापून धापा टाकायचं.

"मेकॅनिकला बोलवा की," बायको फोनवर म्हणाली.

"त्यात काय एवढं? थंड पाणी आत, गरम धूर बाहेर. मीच करतो."

"करा. पण माझ्या भांड्यांना हात लावू नका."

तोवर सायलेन्सरचा गंजलेला एल्बो, म्हणजे धुराचा वाकडा पाइप, तिच्या सर्वांत मोठ्या पातेल्यात, व्हिनेगरमध्ये बुडून फसफसत होता.

दुसऱ्या दिवशी गंज सुटला. पातेल्याची चमकही सुटली. मग पाण्याचा पंप उघडला, तर आतल्या रबरी चक्राची एक पाकळी गायब. ती नळीत अडकली असणार, म्हणून नळी सोडवली. नळीसाठी पाइप काढला, पाइपासाठी बोल्ट. संध्याकाळपर्यंत इंजिन टेबलावर, खुर्च्यांवर आणि पलंगाच्या तिच्या बाजूवर पसरलं. त्या बाजूला चार महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी होतं, म्हणून झोपतानाही पोस्टमास्तरांनी ते उचललं नाही.

पाकळी निघाली ती तिच्या विणकामाच्या सुईनं. नवं चक्र, नवं पॅकिंग बसवून त्यांनी अंगणात बादलीभर पाण्यावर इंजिन सुरू केलं. एक क्लिप आवळायची राहिली होती. फवारा कुंपणावरून थेट शेजारच्या शिंप्याच्या इस्त्रीच्या कपड्यांवर!

"मास्तर, वहिनींना आणा हो आता!" शिंपी ओरडला. "गल्लीवर दया करा!"

रविवारी होडी पाण्यात उतरली. पण नदीच्या मधोमध पोचते न पोचते तोच इंजिनातून पांढरी वाफ निघाली. पोस्टमास्तरांनी घाईनं ते बंद केलं. समोरून येणारी फेरीबोट थांबली, चालकानं दोरी फेकली. वर पाहतात तो कठड्याशी बायको!

"अहो, तुम्ही इथं?"

"तुला न्यायला निघालो होतो."

"आणि मी तुम्हाला! लेक म्हणते, बाबा फोनवर इंजिनाशिवाय बोलतच नाहीत. त्यांचं काही खरं नाही."

अख्खी फेरीबोट कान टवकारून ऐकत होती. बायको चपला हातात घेऊन होडीत उतरली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "नदीचं पाणी आत घेणारा खालचा कॉक उघडला होता का?"

पोस्टमास्तरांनीही वाकून पाहिलं. "बाकी सगळं उघडलं होतं."

तिनं कॉक फिरवला. इंजिन निवल्यावर चालू केलं, तर मागून धुराबरोबर पाणी कसं खळखळत बाहेर आलं.

"कुठं जायचं ते ठरवा, मग दोरी सोडतो," चालक म्हणाला.

"लेकीकडे," पोस्टमास्तर म्हणाले.

"घरी," त्याच क्षणी बायको म्हणाली.

चालकानं कपाळाला हात लावला आणि दोरी सोडून दिली. प्रवाहानं होडीचं तोंड वळवलं ते ना घराकडे, ना लेकीकडे.

"एवढं हळू का चालवताय?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"नवं चक्र आहे. जपावं लागतं."

ती पाण्याकडे बघत राहिली. मग त्यांच्या जवळ सरकून बसली.

"मग अजून थोडं हळू चालवा."